पंचवीस घोड्यांचा हिशेब

दारव्ह्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मंजुषा देशकर कुणाच्याही शब्दावर विसंबत नसत. लग्न ठरताना मुलगा छान गातो असं मध्यस्थ म्हणाला, तर त्यांनी बैठकीतच त्याला गायला लावलं. चारुदत्त बेसूर गायले. तरी होकार मिळाला.

तेच चारुदत्त गेल्या हिवाळ्यात यवतमाळहून गाडीला नवा सायलेन्सर लावून आणि इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम टाकून आले. बोरी अरबच्या रस्त्यावर गाडी दामटत म्हणाले, "पाह्य, कशी उडते!"

"आवाज वाढला, हे कळलं. ताकदीचं काय?"

"गॅरेजवाल्या राजदीपनं मशीनवर मोजली. पंचवीस घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, जास्त!"

रविवारी मंजुषाताई चारुदत्तांना घेऊन स्वतःच राजदीपच्या गॅरेजात गेल्या. तिथे गाडीची चाकं रोलरवर पळवून ताकद मोजत.

"आधीचं माप कधी घेतलं?"

"दुपारी," राजदीप म्हणाला.

"एसी?"

"चालूच होता. मी आत बसलो होतो ना," चारुदत्तच बोलून गेले.

"आणि नंतरचं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी... थंडीत." राजदीप चिडला. "मॅडम, मी का फसवून राह्यलो तुमाले?"

"मी तसं म्हटलं नाही. पण एसी ताकद खातो, आणि थंड हवेत इंजिन जास्त ताकद देतं. जुनं सगळं परत बसवा, एसी बंद ठेवा आणि मोजा."

कुरकुरत त्यानं बसवलं. त्यांनी कशालाही हात न लावता दोनदा मोजायला लावलं. दोन मापांत चार घोड्यांचा फरक पडला.

"काहीच न बदलता एवढा फरक पडतो. म्हणजे एवढी वाढ मी धरणार नाही."

मग फक्त नवा सायलेन्सर लावला. वाढ त्या चार घोड्यांच्या आतच. चारुदत्तांचा चेहरा उतरला. मंजुषाताईंना मनातून बरं वाटलं.

मग नवा प्रोग्राम. आकडा बारानं चढला. त्यांनी गिअर तोच होता ना, हे विचारलं, चाकांतली हवा तपासली, पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेवढाच. आणखी एकदा. तरी तेवढाच.

"वाढली आहे," त्या हळूच म्हणाल्या. राजदीप हात पुसत राहिला.

परतताना गाडी त्याच चालवत होत्या. गावाबाहेर येताच त्यांनी ती कडेला घेतली.

"काय झालं?"

"सायलेन्सरच्या वेळी आकडा माझ्या मनासारखा आला, तर मी हवा तपासली नाही. दुसऱ्यांदा मोजलंही नाही."

"मग? वापस जायचं?"

"जायचं."

त्यांना पाहून राजदीपनं कपाळाला हात लावला, पण गाडी रोलरवर घेतली. जुना सायलेन्सर लावून मोजलं, नवा लावून मोजलं, हवा तपासून पुन्हा मोजलं. त्याच्यानं खरंच काही वाढत नव्हतं.

"काढून टाकू?" राजदीपनं विचारलं.

"राहू दे," चारुदत्त घाईघाईनं म्हणाले. "आवाज चांगला आहे."

यावर मात्र मंजुषाताईंनी काही विचारलं नाही.