वकील या शब्दाचं मूळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायको गेली, तिच्याजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण माझं ते गाजलेलं भाषण तुम्ही ऐकलं असेल. चंद्रपूर-गडचिरोलीत नवे वकील जमले की मी ते ठोकतोच. व-क-ल हा अरबी धातू. अर्थ — आपलं काम दुसऱ्यावर सोपवणं, त्याच्या भरवशावर राहणं. त्यातूनच वकील, वकालत, आणि मुवक्किल, म्हणजे पक्षकार. आणि सगळं देवावर टाकून निश्चिंत होणं, ते तवक्कुल. पोरं टाळ्या पिटतात. एक तर पाया पडून म्हणाला, "सर, तुमच्यासारखा माणूस नाई पाह्यला." मूर्ख! आणि मी? मी त्याला आशीर्वाद दिला.

धातू मी पुस्तकात वाचला. अर्थ मात्र डोळ्यांनी पाहिला — एकदाच, कोर्टाच्या व्हरांड्यात. चैतू तिथे भिंतीला टेकून भरदुपारी घोरत होता. जंगलातल्या एका लहान गावाने त्याला आपल्या जंगलाचा राखणदार नेमलं होतं, आणि सागवान तोडल्याचा खटला त्याच्यावरच. वकीलपत्रावर अंगठा उमटवून तो म्हणाला होता, "आता तुमी आहा ना साहेब, मंग मले काऊन फिकर?" आणि खरंच झोपला.

सागवान कुणी तोडलं, हे मला ठाऊक होतं. तोडणारा ठेकेदार माझाच पक्षकार — जुना, मालदार. तपास पुढे सरकला असता तर... कळतंय ना? मी चैतूला हलवून उठवलं. म्हटलं, गुन्हा कबूल कर, दंडावर सुटशील. नाही तर जेल.

"पन मी तं तोडलंच नाई, साहेब."

"माझ्यावर भरवसा हाय का नाई?"

होता. त्याने कबूल केलं.

याला काय म्हणू — व्यवहार? भीती? छे. नीचपणा, तोही शांत डोक्याने केलेला. गावाने त्याला राखणीवरून काढलं. पोरंसोरं मागून ओरडायची, "सागचोर आला रे!" तो मेला तेव्हाही गावाच्या लेखी चोरच होता. ठेकेदाराला लोक अजून शेठ म्हणतात. मला, ज्येष्ठ विधिज्ञ.

खटल्यानंतरच्या उन्हाळ्यात चैतू टोपलीभर टेंभरं, तेंदूची फळं, घेऊन माझ्या दारी आला. जेलपासून वाचवलं म्हणून. मी त्याला आत बोलावलं नाही. टोपली तेवढी घेतली. टेंभरं चांगली पिकलेली, गोड होती. मी पोटभर खाल्ली.