फक्त गरम पाणी घाला

कुलूपवाल्याला स्वयंपाकातलं एकच काम जमायचं, पाणी तापवणं. त्यामुळे मुलीचे दिवस भरत आले आणि बायको काही महिने तिच्याकडे राहायला जाणार असं ठरलं, तेव्हा घरात पहिली काळजी सुरू झाली ती त्याच्या पोटाची.

"अहो, बाहेर जेवा की," बायको म्हणाली.

"बाहेरचं मला सोसत नाही."

हे साफ खोटं होतं. त्याला बाहेरचं उत्तम सोसायचं, पण तिच्या हातचं सोडवत नव्हतं आणि हे तोंडाने बोलायची त्याला लाज वाटायची. म्हणून त्याने अन्न गोठवून वाळवायचं यंत्र आणलं. अन्न दगडासारखं गोठवायचं, आतली हवा पंपाने ओढून घ्यायची, की बर्फाची पाणी न होता थेट वाफ होते. मागे उरतं ते कापसासारखं हलकं, कोरडं अन्न. नीट बंद केलं तर वर्षानुवर्षं टिकतं. माहितीपत्रकाच्या शेवटी छापलं होतं, 'खाताना फक्त गरम पाणी घाला.' ते वाचून दुकानातच त्याचा ऊर भरून आला होता.

यंत्र स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना, म्हणून ते झोपायच्या खोलीत बसवलं. पंप सुरू झाला की पलंग इंच इंच खिडकीकडे सरकायचा.

पहिल्या दिवशी त्याने हौसेने जॅम ठेवला. साखरेचा पाक कुठला नीट गोठतोय! हवा ओढताच तो फसफसून उठला आणि आतल्या भिंती रंगवून मोकळा झाला. मग अख्खी द्राक्षं ठेवली, तर ती वरून सुरकुतली आणि आत ओलीच राहिली.

"सालीतून वाफ जाणार कुठून?" बायको म्हणाली आणि शिवणाची सुई घेऊन बसली. दोघांनी मिळून सगळी दुपार द्राक्षं टोचली. लग्नानंतर इतका वेळ ती दोघं समोरासमोर बसली नव्हती.

भोपळ्याच्या सुपाने मात्र नाव काढलं. त्याचा तुकडा मोडून कुलूपवाल्याने ओठाला लावला. गार लागला असता तर आत बर्फ राहिलाय असं समजायचं. गार लागला नाही. तेव्हापासून घराला खूळ लागलं. बायको रांधायची, तो वाळवायचा. एक घाणा निघायला दिवस उलटून जायचा आणि तिची भरलेली बॅग दाराशी तशीच.

"आई, निघतेस कधी?" मुलीचा फोन आला.

"वाटाणे वाळले की लगेच."

"वाटाणे?"

खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर हात जोडून वर आले. "तुमचा पंप ऐकून माझे पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागलेत हो!"

कुलूपवाल्याने त्यांच्या हातावर वाळलेली द्राक्षं ठेवली. डॉक्टरांनी दोन खाल्ली, मग मूठभर घेतली आणि पंपाचा विषय पुन्हा काढला नाही.

शेवटी व्हायचं तेच झालं. बायको भोपळा चिरत असताना जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती.

"माझी नात जगात आली, आणि मी इथे तुमचे वाटाणे गोठवत बसलेय!" तिने सुरी आदळली, बॅग उचलली आणि ती निघाली. यंत्र धडधडत राहिलं.

जेवायच्या वेळी कुलूपवाल्याने कपाट उघडलं. बरण्यांवर नावं लिहायला बायकोने बजावलं होतं. शेकडो किल्ल्या नुसत्या नजरेने ओळखणाऱ्याला नावं कशाला, अशा तोऱ्यात तो होता. आता समोर सगळाच पिवळा-केशरी भुगा. त्याने एक बरणी निवडून सुपाच्या आशेने पाणी ओतलं. निघाली अंडी. दुसऱ्या बरणीत ओतलं. गाजर. अंडी आणि गाजर त्याने एकत्र खाल्लं. चव तिच्याच हाताची होती, पण समोर कुणी नसल्यामुळे घास तोंडातच फिरत राहिला. त्याने फोन लावला.

"काय हवंय?" बायको करवादली. "इथे कुणाला जेवायला उसंत नाही. बाळ खाली ठेवलं की किंचाळतंय."

दुसऱ्या दिवशी तो सुटकेस घेऊन बसस्टँडवर उभा होता. एवढी मोठी सुटकेस पाहून हमालाने जोर लावून हिसका दिला आणि ती इतकी हलकी निघाली की डोक्यावरून मागे गेली आणि तो स्वतःच पडला.

"आत आहे तरी काय?"

"जेवण. सगळ्यांचं."

मुलीकडे पोचल्यावर त्याने आधी पाणी उकळलं, वाडगे भरले आणि पहिला बायकोपुढे ठेवला. तिच्या मांडीवर नात होती. तिने एका हाताने चमचा तोंडात घातला.

"मीठ कमी पडलंय."

"केलंयस तूच."

तिने वाडगा निपटून रिकामा केला, त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "अजून आणा. आणि पाणी नीट उकळा, घाई नको."