पाणी न लागणारी बॅटरी

मंडळी, वरकुट्याहून आत्ताच बारामतीला परतलोय. पार थकलोय.

गावी वीज टिकत नाही, म्हणून वडिलांना, म्हणजे तात्यांना, इन्व्हर्टर घेऊन दिलाय. त्याच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला मीच घेऊन जातो, एसटीत धक्के खात.

आज टेम्पोनं नवी सीलबंद बॅटरी नेली. हिला पाणी लागतच नाही, असं दुकानदार म्हणाला. माझा पुरता विश्वास नव्हता, पण खेपा तरी वाचतील.

तात्यांनी ती चारी बाजूंनी चाचपली. "हिला झाकनंच न्हायती? आत काय चाललंय ते कळायचं कसं?"

"बघायलाच नको तात्या. पाणी घालायचंच नाही."

"मग तू कशाला येशील?"

जुनीच परत जोडून आलो. नवी खोक्यात पडून आहे. कुणाला हवीय का?