लाल सोडून कुठलाही

आमचे हे खुर्च्या-सोफे दुरुस्त करतात. फोम कापावा तर ह्यांनीच. पण गिऱ्हाइकानं तोंड उघडायचा अवकाश, की ह्यांचं सुरू, "कळलं, कळलं!" अर्धं ऐकायचं आणि उरलेलं मनानं भरायचं. दातांचे डॉक्टर म्हणाले होते, "लाल सोडून कुठलाही रंग चालेल." ह्यांनी "लाल" ऐकलं आणि लगेच कळलं! दवाखान्यातल्या सगळ्या खुर्च्या लालभडक. पेशंट बसायलाच घाबरायचे.

गिऱ्हाइकं तुटायला लागली, तेव्हा मीच ह्यांना धंद्यात कसं बोलावं ते शिकवणाऱ्या वर्गाला पिटाळलं. त्यात माझाही स्वार्थ होता. कव्हरं मी शिवते आणि माझा खांदा कामातून गेलाय. मला मशीन सोडायचं होतं, पण हे सांगायचं कसं? "अहो, माझा खांदा" म्हटलं, की "कळलं, मलम आणतो." मलमाच्या इतक्या डब्या साठल्या, की त्यांचंच दुकान टाकावं.

वर्गातून हे भलतंच काहीतरी शिकून आले. समोरच्याचं बोलणं त्यालाच परत सांगायचं आणि मग गप्प बसायचं.

दुसऱ्याच दिवशी लॉजवाल्या बाई आल्या. म्हणाल्या, "खुर्च्या करकरतात."

"म्हणजे तुमचं म्हणणं, खुर्च्या करकरतात."

"अहो, तेच सांगतेय ना!"

"म्हणजे तुम्ही तेच सांगताय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मशीनकडे. आता ह्या चप्पल काढतात की काय! पण हे आपले ढिम्म. शेवटी बाईंनाच राहवेना. "सगळ्या नाही हो, जेवणघरातल्या. आणि खरं तर कापडही बदलायचंय." चांगलं मोठं काम मिळालं. हे शहाणे झाले की आणखी बिघडले, मला काही उमजेना.

एवढी कव्हरं शिवायची कुणी? मीच. दुपारी डबा उघडला आणि म्हटलं, "अहो, माझा खांदा..."

ह्यांनी घास खाली ठेवला. "तुझा खांदा."

डोकंच फिरलं माझं. "मी काय गिऱ्हाईक आहे? मला मशीन सोडायचंय!"

"तुला मशीन सोडायचंय."

मग गप्प. मी म्हटलं, आता चिडतील, लॉजच्या कामाचा विषय काढतील. कुठलं काय! नुसते माझ्याकडे बघत राहिले. ते वर्गातलं बघणं होतं की ह्यांचं स्वतःचं, कुणास ठाऊक.

"मग? काय करावंसं वाटतंय तुला?" ह्यांनी विचारलं.

हे काही वर्गातलं वाटलं नाही. मी तोंड उघडलं, तर आत काहीच नाही. इतक्या वर्षांत माझं पहिलं वाक्यच कधी पुरं झालं नव्हतं, मग दुसरं कशाला तयार ठेवलं असतं? राग ह्यांचा आला की माझाच, सांगता येईना. डोळे भरून आले.

हे जेवायचे थांबले होते, माझ्या दुसऱ्या वाक्यासाठी.