तात्यांचं ब्राझीलचं लाकूड

वखारीत दोन गोष्टी साठतात, भुसा आणि किस्से. भुसा निदान कोणीतरी उचलून नेतं. मिरजोळ्याच्या आमच्या वखारीत मालकांनी, म्हणजे तात्यांनी, फ्लोअरिंगसाठी इपे नावाचं ब्राझीलचं लाकूड आणलं आणि किस्स्यांचा ढीग लागला. त्यांचा मुलगा मंदार तेव्हाच म्हणाला होता, "गणपतीपर्यंत हे खपलं नाही, तर वखार बंद. इथे टाइल्सचं दुकान." टाइल्स हा शब्द तात्यांना शिवीसारखा लागतो.

*

नवं लाकूड खाडीत भिजवायची आमच्याकडची जुनी रीत. तात्यांनी फळ्यांचा गठ्ठा होडीला बांधून पाण्यात सोडला, तरंगेल या हिशेबाने. गठ्ठा सरळ तळाशी गेला आणि होडी एका अंगावर कलली. नाटे गावचे दोन मच्छीमार बुडी मारून फळ्या काढत होते. त्यातला एक वर येऊन म्हणाला, "तात्यानू, ह्ये लाकूड हाय का नांगर?"

*

या लाकडात आधी ड्रिलने भोक पाडल्याशिवाय खिळा जात नाही. आमचा बाळा सुतार हट्टी. दिवसभर ठोकत बसला आणि खिळे वाकडे करून घरी गेला. त्यात या लाकडाचा पिवळा भुसा धुण्याच्या साबणाने लाल होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाळाने हात धुतले, पाणी लालभडक. बायको घाबरली. "कोणाला मारून आलात ओ?"

बाळा म्हणाला, "खिळ्यांना."

*

वाळवी याला शिवत नाही, हे दाखवायला तात्यांनी एक तुकडा वारुळाशेजारी पुरला. वाळवीने खरोखरच तोंड लावलं नाही. वखारीची पाटी मात्र खाल्ली.

*

गणपती तोंडावर आले. दाभोळला होमस्टे बांधणारं एक जोडपं आलं, त्यांना माल पसंत पडला. सगळा स्टॉक घेणार म्हणाले. तात्यांना इतका आनंद झाला की त्या भरात ते दोघांना चहाला घरी घेऊन गेले. मी आणि मंदार मागोमाग होतो. मंदार गालात हसत होता.

कारण तात्यांच्या घरात टाइल्स आहेत.

पाहुण्याने खाली पाहिलं. "तुमच्याकडे लाकूड नाही?"

तात्यांचा चेहरा पडला. मला खरंच वाईट वाटलं. काकू चहाचा ट्रे ठेवत म्हणाल्या, "हे म्हणतात, ते लाकूड जन्मभर टिकतं. जन्मभर एकच वस्तू कोण बघणार? नवरा आहे तेवढा पुरे."

पाहुणा हसला. त्याची बायको हसली नाही. तिने पायाने फरशी चाचपली आणि विचारलं, "काकू, ह्या कुठून घेतल्यात?"

काकूंनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "किती स्क्वेअर फूट हव्यात?"