खाडीकाठचं गाऱ्हाणं

"मोकळ्या हवेत सांग, बाबांना जड जाणार नाही," हा शहाणपणा दादाचा. म्हणून रविवारी सकाळी बाबा, दादा, वहिनी आणि मी, असे आम्ही डिलाईल रोडहून टॅक्सी करून शीवपलीकडच्या खाडीकाठच्या उद्यानात गेलो. सांगायचं एवढंच होतं की उद्या माझं ऑपरेशन आहे. पण आई अशाच ऑपरेशनला गेली ती परत आली नाही, आणि तेव्हापासून बाबा बोलायचेच थांबले होते. चहा हवा का विचारलं तर नुसती मान हलवायचे. गावच्या देवळात ज्याने सगळ्यांसाठी देवाकडे मागणं मागत गाऱ्हाणं घातलं की अख्खी वाडी 'होय म्हाराजा' म्हणून ओरडायची, तो हा माणूस!

तिवरांमधून लाकडी पायवाट होती. जागोजागी पाट्या, 'शांतता राखा'. दादा मागून कोपराने ढोसत होता, "सांग ना."

"तू गप रे!" मी खेकसले.

वहिनी उगाच चिखलातले खेकडे दाखवत होती. मला त्या खेकड्यांचाही राग येत होता, मेल्यांना कसली चिंता नाही. मी पुन्हापुन्हा "बाबा" म्हणायचे आणि पुढे, पाणी देऊ का, ऊन लागतंय का, असलंच काहीतरी बरळायचे.

पायवाट संपली तिथे कठडा होता. पुढे ओहोटीची खाडी आणि फ्लेमिंगोंचा थवा. लोक कॅमेरे सरसावून श्वास रोखून उभे होते. बाबांनी चपला काढल्या, हात जोडले.

"रे देवा म्हाराजा!"

आवाज एवढा खणखणीत की शेजारची बाई दचकून मागे सरली.

"ह्या माझ्या चेडवाचा उद्या आपरेशन आसा..."

मी दादाकडे बघून डोळे वटारले. "आईशप्पथ, मी नाही सांगितलं," तो पुटपुटला. मग लक्षात आलं. डॉक्टरांशी मी फोनवर बोलायचे ते चाळीच्या गॅलरीत, कुजबुजत. आणि बाबा आत, खिडकीखालच्या बाकड्यावर पडलेले. इतके दिवस सगळं गिळून गप्प होते, माझ्यासारखेच.

"काय वायट वाकडा आसात ता दूर कर, आणि तेका हसत खेळत घराक हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दादा-वहिनी ओरडले. थवा भर्रकन उडाला. कॅमेरेवाले चिडले, लांबून रखवालदार शिट्टी फुंकत धावला. मी मात्र घाईघाईने बाबांच्या चपला उचलल्या.

बाबा हात जोडूनच थांबले होते.

"तू पण म्हण गो," ते म्हणाले. मग आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलले, "तुझ्या आवशीच्या वेळाक गाऱ्हाना घालूचा रवला माझ्याकडून."

रखवालदार पोचायच्या आत मी ओरडले, "होय म्हाराजा!"