नळीतून पडणारी धार

पावसाळाभर किनाऱ्यावर पडून असलेली होडी काल पाण्यात उतरवली. उद्या हंगामाची पहिली फेरी. लेकाने इंजिन सुरू केलं आणि कडेच्या नळीकडे बघत बसला. इंजिन गार ठेवून समुद्राचं पाणी तिथून बाहेर पडायला हवं. पडेना.

"बंद कर रे, तापेल!" मी धक्क्यावरून ओरडले. खोल पाण्यात इंजिन जाम झालं, तर आणायला कोण जाणार?

लग्न होऊन आले तेव्हा या नळीतून पडणारी धार बघून मी घाबरले होते. "अहो, होडी गळतेय!" म्हणत नळीत चिंधी कोंबायला धावले होते. केवढी हुशार सून! स्वतः मात्र दिवसभर रागाने तापलेली, आणि डोळ्यांतून टिपूस गळू द्यायची नाही. आता तापायचंही त्राण नाही. गुडघे दुखतात, नुसतं बसून दमायला होतं.

लेकाने पाणी खेचणारा पंप उघडला. आतली रबरी पाती सुकून तडकली होती. नवी बसवून त्याने पुन्हा इंजिन सुरू केलं. आधी थेंब, मग चांगली जाड धार. त्याने खाली हात धरला. "कोमट आहे, आये. जा आता घरी, पड जरा."

"जाते. पण दिन्या, होडी गळतेय रे!"

तो हसला. मी डोळे पुसले.